मोटारसायकलीस दुसऱ्या बनावटीचे शॉकअप बसविताना

धाराशिव जिल्ह्यात भूम, वाशी या बालाघाटच्या भागांत शेतीस दुधाच्या धंद्याची जोड आहे, आणि भूमकडील खव्याची ख्याती दूरवर पोचलेली आहे. वस्तीवरचे दूध भट्टीवर किंवा संकलन केंद्रावर नेण्याचे काम हल्ली पुष्कळ ठिकाणी मोटारसायकल करते. चाळीस लिटर दुधाचे वजनच सुमारे ४१ किलो भरते; अशा दोन किटल्या लटकविल्या म्हणजे बहुतेक सर्व भार मागील दोन शॉकअपांवर येतो. खडकाळ वाटेने ती लवकर निकामी होतात, त्यांतून तेल गळू लागते. अशा वेळी मूळ बनावटीचे शॉकअप घेणे हेच उत्तम. ते न मिळाल्यास दुसऱ्या गाडीचे बसविता येते. परंतु बोल्ट बसला म्हणजे शॉकअप जुळले, असे मात्र नव्हे. एका नांगराचा फाळ दुसऱ्यास बसतो, पण जमिनीत शिरण्याचा कोन चुकला तर बैल घायकुतीस येतात, तसाच हा प्रकार आहे.

शॉकअपाची कामे दोन. स्प्रिंग भार तोलते, आणि आतील नळीतले तेल बारीक छिद्रांतून सरकत स्प्रिंगची उसळी आवरते. दोन्ही अंगे परस्परांस साजेशी असावी लागतात.

निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट लांबी. गाडी डबल स्टँडवर उभी करून वरच्या व खालच्या बोल्टांच्या मध्यांमधील अंतर मोजावे. नवे शॉकअप तेवढेच लांब असावे. ते लांब असल्यास गाडीची मागची बाजू उचलते, हँडल चंचल होते, साईड स्टँडवर गाडी अधिक कलते. आखूड असल्यास खड्ड्यात चाक मडगार्डास घासते.

दुसरी गोष्ट दबण्याचे अंतर. लांबी सारखी असूनही एखादे शॉकअप अधिक दबते, व तसे झाल्यास टायर वर जाऊन आदळतो. ही तपासणी स्प्रिंग काढून करावी लागते. दाबलेली स्प्रिंग निसटल्यास हात मोडू शकतो. म्हणून हे काम योग्य हत्यार असलेल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. वायू भरलेली डबी कधीही उघडू नये.

तिसरी गोष्ट स्प्रिंगची तार. स्प्रिंगचा कठीणपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. वेढ्यांचा व्यास व संख्या सारखी असता ७ मिलिमीटर तारेऐवजी ८ मिलिमीटर तार घेतली, तर स्प्रिंग सुमारे ७० टक्के अधिक कठीण होते. म्हणून तार डोळ्यांनी न अजमावता व्हर्नियरने मोजावी. कठीण स्प्रिंगची उसळी जोरदार असते. तिला आवरण्याइतकी तेलाची नळी समर्थ नसेल, तर रिकामी गाडी प्रत्येक दगडावर उडते.

चौथी गोष्ट कान व बुश. बोल्ट बुशात सैल राहता कामा नये. पातळ पत्रा गुंडाळून फट भरणे धोक्याचे आहे. साखळीचे आवरण व सायलेन्सर यांस शॉकअप कोठे लागत नाही, हेही पाहावे. दोन्ही बाजूंची शॉकअपे नेहमी जोडीनेच बदलावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. शॉकअपाच्या खालची कडी फिरवून पायरी वाढविली, तर स्प्रिंग कठीण होत नाही. ती आधीच थोडी दाबली जाते व गाडी उंच राहते, इतकेच. भार वाढल्यास पायरी वाढवावी, भार उतरल्यावर कमी करावी.

बसविल्यानंतर साखळीचा सैलपणा तपासावा. पुढील चक्र, चिमट्याचा सांधा व मागील आस एका रेषेत आले म्हणजे साखळी सर्वांत ताणली जाते. त्या स्थितीतही ती थोडी सैल असली पाहिजे. मग सीट जोराने दाबून सोडावी. गाडी एकदा वर येऊन स्थिरावली तर ठीक. दोन-तीनदा हेलकावे घेईल तर नळी उसळी आवरीत नाही. प्रथम रिकामी, नंतर अर्धा भार घालून, सावकाश फिरवून पाहावी व बोल्ट पुन्हा आवळावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जाड शॉकअपाने गाडीची भार वाहण्याची मर्यादा वाढत नाही. चासी, टायर, चाकाच्या तारा आणि ब्रेक पूर्वीचेच राहतात. घाटाच्या उतारावर भरलेली गाडी थांबविण्याचे काम ब्रेकचे आहे, शॉकअपाचे नव्हे. चिमटा कापणे किंवा चासीस नवे कान वेल्डिंगने जोडणे तर सर्वथा वर्ज्य मानावे. नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये निषिद्ध आहे. पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेपेक्षा दूध अधिक असेल, तर दोन फेऱ्या कराव्या. एका फेरीचे पेट्रोल वाचविण्यापायी दूध, गाडी आणि घरचा कर्ता माणूस एकदम पणास लावणे, हा हिशेब कोणत्याही शेतकऱ्यास परवडणारा नाही.