माप पेन्सिल सेलचं, व्होल्ट भलतेच

टॉर्चमध्ये बसतो तो सेल चालतो, हा आपला जुना हिशेब. पेन्सिल सेल म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर जाडी, ५० मिलिमीटर लांबी आणि दीड व्होल्ट, हे ठरलेलं होतं. लिथियम आल्यापासून माप तेच राहिलं, पण व्होल्टचा भरवसा राहिला नाही. म्हणून सेल घालण्याआधी त्याच्यावरची बारीक अक्षरं वाचाच.

एकदाच वापरायचा, लिथियम आणि आयर्न डायसल्फाइडचा सेल दीड व्होल्टचाच असतो. वजन सुमारे १५ ग्रॅम. अल्कलाइन सेल २३ ग्रॅमच्या आसपास भरतो. लिथियम सेलच्या आतल्या द्रवात पाणी नसल्याने तो उणे ४० अंशांतही काम करतो. हिमालयातल्या ट्रेकला किंवा वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणाऱ्या टॉर्चला याच्याइतका चांगला सेल नाही. मात्र तो कधीही चार्ज करायचा नाही.

घोळ होतो तो ‘१४५००’ लिहिलेल्या सेलने. १४ म्हणजे जाडी, ५० म्हणजे लांबी. हा चार्ज होणारा लिथियम-आयन सेल ३.७ व्होल्टचा असतो आणि पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट देतो. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, म्हणून एका पेन्सिल सेलवर चालणाऱ्या टॉर्चच्या डोक्यात व्होल्ट वाढवणारं छोटंसं सर्किट असतं. वाढवणं त्याला जमतं, कमी करणं नाही. तिथे ४.२ व्होल्ट आले की प्रवाह कॉइल आणि डायोडमधून सरळ एलईडीवर जातो. उजेड डोळे दिपवतो, डोकं चटका बसण्याइतकं तापतं, प्रकाश निळसर होतो आणि एलईडी जळतो. दोन सेलच्या टॉर्चमध्ये तर हेच ८.४ व्होल्ट होतात. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चालेल असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो घाला. आणि त्यावर २००० मिलिअँपिअर-अवरच्या वरचा आकडा दिसला तर तो सेल घेऊच नका. या मापाचा चांगला सेल साधारण हजारापर्यंतच जातो.

दीड व्होल्टचे, यूएसबीवर चार्ज होणारे लिथियम सेलही मिळतात. आतलं सर्किट व्होल्ट स्थिर ठेवतं, त्यामुळे टॉर्च मंदावत नाही, एकदम विझतो. रात्री गड उतरताना हे ध्यानात असू द्या.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती नवा-जुना सेल एकत्र घालण्याची. जुना आधी रिकामा होतो, नवा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहतो, रिकाम्या सेलचे ध्रुव उलटतात, आत उष्णता आणि वायू तयार होतो. चांगला टॉर्च म्हणजे रबरी रिंगने बंद केलेली धातूची नळी. पाणी आत येऊ नये म्हणून केलेली ही सोय वायूलाही बाहेर पडू देत नाही, आणि टॉर्च हातातच फुटू शकतो. दोन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, सारखेच वापरलेले हवेत.

१४५०० सेल लिथियम-आयनच्याच चार्जरमध्ये, नजरेसमोर चार्ज करा. प्लास्टिकचं वेष्टन फाटलेला किंवा पोचा आलेला सेल बाद समजा. बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून तो ई-कचरा केंद्रात द्या. घंटागाडीत टाकला तर कचरा दाबताना चिरडून पेट घेऊ शकतो.