अपोस्टिल म्हणजे काय?



समजा, तुम्हाला परदेशातल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. तुमची पदवी खरी, गुणही खरे. पण तिथल्या कारकुनाने आपल्या कुलसचिवांची सही कधी पाहिलेलीच नाही. मग ती खरी आहे हे त्याने ओळखायचं कसं? ही सगळी खटपट या एका प्रश्नासाठी असते.

पूर्वी एका कार्यालयाच्या सहीवर दुसऱ्याची सही, त्यावर तिसऱ्याची आणि शेवटी दूतावासाचा शिक्का, अशी साखळी होती. ती तोडण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग येथे करार झाला. सदस्य देशांनी एकमेकांचे एकच प्रमाणपत्र मानायचे, असे ठरले. त्यालाच 'अपोस्टिल' म्हणतात. भारतात हा करार २००५ पासून लागू आहे.

क्रम कसा असतो?

१. शैक्षणिक किंवा वैयक्तिक कागद (उदा. पदवी, जन्मदाखला) आधी राज्य सरकारच्या नेमलेल्या विभागाकडून प्रमाणित होतो.
२. मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टिल लावते. त्यासाठी कागद मंत्रालयाने नेमलेल्या सेवा संस्थांमार्फत द्यावे लागतात.
३. देश कराराचा सदस्य नसेल, उदा. संयुक्त अरब अमिराती, तर अपोस्टिल चालत नाही. तिथे मंत्रालयाचे साधे प्रमाणीकरण आणि त्यानंतर त्या देशाच्या दूतावासाचा शिक्का लागतो.

यादी बदलत असते. चीन २०२३ मध्ये आणि कॅनडा २०२४ मध्ये या व्यवस्थेत आला. म्हणून शेजारच्या दादाने चार वर्षांपूर्वी काय केलं होतं, त्यावर विसंबू नका.

हे नीट समजून घ्या

अपोस्टिल फक्त तीन गोष्टी सांगते: सही खरी आहे, सही करणाऱ्याचे पद कोणते, आणि शिक्का कोणाचा. आतला मजकूर बरोबर आहे याची हमी ती देत नाही! दहावीच्या प्रमाणपत्रावर आईचं नाव एक आणि पासपोर्टवर वेगळं असेल, तर अपोस्टिलने ती चूक झाकली जात नाही. दुरुस्ती आधी मूळ कार्यालयातच करून घ्यावी लागते, आणि वेळ खरा तिथेच जातो.

झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची 'सत्यप्रत' घेणं ही वेगळी गोष्ट. ती प्रत मुळाबरहुकूम आहे, एवढंच सांगते.

आणखी एक: मूळ प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका. शिक्का कागदावर बसतो, प्लॅस्टिकवर नाही.

तेव्हा प्रवेशाचं पत्र येईपर्यंत थांबू नका. आजच सगळे कागद काढा आणि प्रत्येकावरचं नाव अक्षर न् अक्षर ताडून बघा.