कॉम्प्युटरच्या आतली वाहतूक

मागच्या व्याख्यानानंतर सिरोंच्याच्या एका शिक्षकांनी विचारलं, "शाळेतले कॉम्प्युटर जुने झालेत. कमी पैशात वेग कसा वाढवायचा? प्रोसेसर बदलू का?" आज त्याचंच उत्तर देतो.

गोदावरीवर पूल नव्हता तेव्हा सिरोंच्याहून पलीकडच्या कालेश्वरला डोंग्याने जावं लागायचं. काठावर कितीही माणसं थांबलेली असोत, एका खेपेत डोंग्यात मावतील तेवढीच जाणार. कॉम्प्युटरचंही तसंच आहे.

प्रोसेसर, रॅम आणि डिस्क तांब्याच्या बारीक रेषांनी आणि तारांनी जोडलेले असतात. अशा रेषांच्या गटाला 'बस' म्हणतात. प्रोसेसरला रॅममधून काही हवं असलं की तीन गोष्टी होतात. अ‍ॅड्रेस बस सांगते, माहिती कुठे आहे. कंट्रोल बस सांगते, वाचायची की लिहायची. आणि प्रत्यक्ष माहिती जाते ती डेटा बसवरून.

आता आकडे बघा. डीडीआर४-३२०० जातीची रॅम एका खेपेत ६४ बिट, म्हणजे ८ बाइट पाठवते. सेकंदाला अशा ३२० कोटी खेपा! म्हणजे जास्तीत जास्त २५,६०० मेगाबाइट. फिरती हार्ड डिस्क मात्र सेकंदाला साधारण १०० ते २०० मेगाबाइटच देते. शिवाय तिची सुई योग्य जागी पोचायला सुमारे १० मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्‌झच्या प्रोसेसरचे ३ कोटी ठोके होऊन जातात. बिचारा काठावर बसून राहतो!

पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला, तोही एकाच अफाट प्रोसेसरवर नव्हे. अनेक ट्रान्सप्युटर चिप एकमेकींना जोडल्या होत्या. प्रत्येक चिपला शेजारणींशी बोलायला चार वाटा होत्या. त्या वाटांशिवाय इतक्या चिप एकत्र काम करूच शकल्या नसत्या.

तर सर, प्रोसेसर राहू द्या. आधी रॅम कमी पडते का ते बघा. रॅम भरली की कॉम्प्युटर डिस्कवर भार टाकतो आणि रखडतो. मग हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवा. तिच्यात फिरणारं काही नसतं, त्यामुळे शोधायचा वेळ जवळजवळ उरत नाही. नवा कॉम्प्युटर घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडेल, आणि मुलांचा तास मशीन सुरू होण्याची वाट पाहण्यात जाणार नाही.