१९१ क्रमांकाचा अर्क

जीएनएम करून मी वॉर्डात रुजू झाले त्या काळात मेंदूच्या मलेरियाचा रुग्ण आला की रात्रपाळीच्या आम्हा सिस्टरांच्या छातीत धस्स व्हायचे. क्विनीनचे सलाईन चार-चार तास थेंबाथेंबाने चालवायचे. जोरात गेले तर हृदयाला धोका. मध्ये मध्ये नाडी, रक्तदाब आणि साखर बघायची, कारण क्विनीनने रक्तातली साखर उतरते. शुद्धीवर आलेला माणूस कानात घंटा वाजतात म्हणून सांगायचा. पुढे आर्टेसुनेटचे इंजेक्शन आले. काही मिनिटांत शिरेतून दिले की झाले. हे औषध कोणी शोधले, हे तेव्हा आम्हाला कोणीच सांगितले नव्हते.

शोधले चीनने, आणि तेही युद्धाच्या गरजेपोटी. व्हिएतनामच्या जंगलात सैनिक मलेरियाने मरत होते आणि क्लोरोक्विन निकामी होत चालले होते. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली. चीनला स्वतःलाही त्याची गरज होती. १९४०च्या दशकात तिथे वर्षाला सुमारे ३ कोटी लोकांना हिवताप होत असे. २३ मे १९६७ रोजी गुप्त प्रकल्प सुरू झाला. पाचवा महिना, तेविसावी तारीख, म्हणून नाव ‘५२३’.

१९६९ मध्ये बीजिंगच्या एका गटाची जबाबदारी यूयू तू या संशोधक बाईंवर आली. औषधनिर्माणशास्त्राचे शिक्षण, पण डॉक्टरेट नाही, परदेशात शिक्षण नाही. चार वर्षांची थोरली मुलगी पाळणाघरात ठेवून त्या हैनान बेटावरचे मलेरियाचे रुग्ण पाहायला गेल्या. (पाळणाघराचा हा भाग पुरुष शास्त्रज्ञांच्या चरित्रात मला कधी वाचायला मिळाला नाही.)

त्यांच्या गटाने जुन्या ग्रंथांतून आणि वैद्यांकडून दोन हजारांवर नुस्खे गोळा केले. छिंगहाओ नावाच्या वनस्पतीचा अर्क उंदरांवर एकदा गुण द्यायचा, पुढच्या वेळी देत नसे. तेव्हा बाईंनी चौथ्या शतकातल्या गे होंग या वैद्याचा ग्रंथ पुन्हा वाचला. त्यात पाला उकळायला सांगितलेला नव्हता. पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितला होता. बाईंना शंका आली, उष्णतेने गुण मरत तर नसेल? मग त्यांनी साधारण ३५ अंशांवरच उकळणारे ईथर वापरून अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या अर्काने उंदरांच्या रक्तातले मलेरियाचे जंतू पूर्ण नाहीसे केले.

जुन्या ग्रंथात आहे म्हणून ते औषध झाले नाही, हे नीट लक्षात घ्या. त्याच ग्रंथांतले बाकीचे कितीतरी नुस्खे तपासणीत नापास झाले. १९७२ मध्ये यूयू आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी तो अर्क आधी स्वतः घेतला, मग रुग्णांना दिला. त्याच वर्षी त्यातला शुद्ध घटक हाती लागला, तो आर्टिमिसिनिन. १९७७ मध्ये शोध छापला गेला तेव्हा त्यावर एकाही संशोधकाचे नाव नव्हते. नोबेल मिळाले २०१५ मध्ये, बाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या असताना. पण युन्नान आणि शांतुंगच्या गटांनीही हेच द्रव्य वेगळे केले होते, आणि आर्टेसुनेट चीनमधल्याच दुसऱ्या संशोधकांनी बनवले.

जंतू आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन खातो. त्यातले लोह आर्टिमिसिनिनला भिडले की जहाल कण तयार होतात आणि जंतूच मरतो. २००५ मध्ये आशियात झालेल्या मोठ्या चाचणीत क्विनीन दिलेल्या गंभीर रुग्णांपैकी शंभरात २२ दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५. शंभरामागे सात जीव. ज्यांनी वॉर्डात अशा रात्री काढल्या आहेत त्यांना हा आकडा वेगळा समजावावा लागत नाही.

औषध शोधून चीन थांबला नाही. पुढे ‘१-३-७’ ही पद्धत आली. रुग्ण सापडला की १ दिवसात नोंद, ३ दिवसांत त्याला लागण कुठे झाली याचा तपास, ७ दिवसांत त्या वस्तीत फवारणी आणि इतरांची रक्ततपासणी. ३० जून २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने चीनला मलेरियामुक्त घोषित केले. माझ्या मते यात खरे श्रेय खालच्या कर्मचाऱ्यांचे, कारण पहिल्या दिवसाची ती नोंद करायची तर गावपातळीवर पगारी माणूस जागेवर असावा लागतो.

आपल्याकडे गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात फाल्सिपेरमच्या रुग्णाला तीन दिवसांच्या गोळ्या मिळतात, त्यातही आर्टिमिसिनिन कुळातले औषध असते. ते वेगाने काम करते, पण शरीरातून तितक्याच वेगाने निघून जाते. उरलेले जंतू मारायला सोबत दुसरे औषध असते. दुसऱ्या दिवशी ताप उतरला की अनेक घरांत उरलेल्या गोळ्या पुढच्या पोरासाठी फडताळात जातात. अशा अर्धवट उपचारातून चिवट जंतू वाचतात. कंबोडिया-थायलंड सीमेवर या औषधाला दाद न देणारे जंतू दिसून पंधरा वर्षे उलटली. मलेरियावर म्हणून या वनस्पतीचा चहा कोणी विकत असेल तर तोही घेऊ नका. त्यात औषधाची मात्रा नक्की नसते आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही तो नाकारला आहे.

थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आशाताईंना बोटातले रक्त द्या, आणि गर्भवती असाल तर गोळी घेण्याआधी तसे सांगा. व्हायवॅक्स निघाला तर प्रायमाक्विन चौदा दिवस चालते. ती गरोदरपणात देत नाहीत.