पांढऱ्या कॅबिनेटमागे कोणत्या टाइल्स? रंगाआधी सांधे मोजा

पांढऱ्या कॅबिनेटचे किचन फोटोत देखणे दिसते. पण रोज फोडणी होणाऱ्या घरात ओट्यामागच्या भिंतीची खरी परीक्षा हळद आणि तेल घेतात.

डाग कुठे पडतात?
हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कर्क्युमिन, तेलात सहज विरघळतो. ग्लॉसी टाइल पुसली की स्वच्छ होते. सिमेंटचे ग्राउट मात्र सच्छिद्र असते, ते रंग शोषून घेते. म्हणजे टाइल पांढरीच राहते, सांधे पिवळे पडतात.

फरक किती?
१० फूट लांब, २ फूट उंच भिंतीला २ बाय १ फुटाच्या १० टाइल्स पुरतात. ३ बाय ६ इंची सबवे टाइल्स मात्र १६० लागतात. त्यामुळे सांधेही बरेच वाढतात.

काय निवडाल?
• शेगडीमागे मोठ्या ग्लॉसी टाइल्स आणि इपॉक्सी ग्राउट. ते महाग पडते, पण डाग सहसा शोषत नाही.
• सबवे टाइल्सच हव्या असतील, तर ग्राउट राखाडी घ्या.
• संगमरवर टाळा. लिंबू-चिंचेच्या आंबटाने त्याची चकाकी जाते.
• पांढऱ्यातही पिवळसर-निळसर छटा असतात. नमुन्याची टाइल कॅबिनेटशेजारी धरून दिवसा आणि रात्री दिव्याखाली पाहा.

एकदा बसवलेली टाइल बदलायची, तर भिंत फोडावी लागते. म्हणून ग्राउट कोणते, हे काम सुरू होण्याआधीच कारागिराशी ठरवून घ्या.