ऑपरेशननंतरची तीमारदारी : सिस्टरला साथ कशी द्यावी?

नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ कुठे आहेत हे कोणाला विचारावे लागत नाही. विदर्भातूनच नव्हे, तर मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधूनही लोक येथे उपचारासाठी येतात. सरकारी वॉर्डात दाखल होताना एक गोष्ट आधीच लक्षात ठेवावी लागते. रुग्ण जास्त असतात आणि सिस्टर कमी.

भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. कायम भरतीऐवजी कंत्राटी भरती नको, यासाठी राज्यातील परिचारिकांनी मे २०२२ मध्ये संप केला. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनच्या संपातही त्या उतरल्या आणि अनेक ठिकाणी ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली. जागा भरणे हे सरकारचे काम आहे आणि ती मागणी आपणही केली पाहिजे. पण उद्या आपल्या अम्मीचे ऑपरेशन असेल तर आपण काय करायचे?

पहिले म्हणजे तीमारदार ठरवून घ्यावेत. दिवसा एक, रात्री एक. दमलेला माणूस रात्री जागू शकत नाही. एका वहीत चालू औषधे, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि जुने आजार लिहून ठेवावेत. ड्युटी बदलली की नव्या सिस्टरला ती वही दाखवावी.

ऑपरेशनपूर्वी उपाशी ठेवण्याची वेळ काटेकोर पाळावी. ‘एक घोट चहा’ही देऊ नये. भूल दिल्यावर उलटी झाली तर ती फुप्फुसात जाऊ शकते.

अंग पुसणे, कूस बदलणे, परवानगी मिळाल्यावर भरवणे आणि चालवणे ही कामे आपण करू शकतो. सलाईनचा वेग बदलणे, नळी काढणे किंवा पट्टी उघडणे ही कामे आपली नाहीत. पट्टी रक्ताने भिजली, धाप लागली, ताप चढला, लघवी होत नसेल किंवा पोटरी सुजून दुखू लागली, तर मात्र संकोच न करता लगेच सांगावे. किरकोळ गोष्टींसाठी वारंवार हाका मारल्या नाहीत, तर अशा वेळी सिस्टरला लवकर येता येते.

नमाजसाठी रुग्णाने एकट्याने उठू नये. पहिल्यांदा उठताना चक्कर येऊन पडण्याची भीती असते. पडून इशाऱ्याने नमाज अदा करता येते. पट्टी भिजवू नये. मसह किंवा तयम्मुमविषयी आधीच आलिमांना विचारून घ्यावे.

इयादत ही सुन्नत आहे, पण खाटेभोवती दहाजण जमले तर जखमेला जंतुसंसर्गाचा धोका वाढतो आणि सिस्टरच्या कामात अडथळा येतो. दोघांनी यावे, हात धुवावेत, दुआ करावी आणि लवकर निघावे. बाकीच्यांनी घरची मुले सांभाळली किंवा डबा पोहोचवला, तर तीही मोठी मदत आहे.

खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज (रजि.) यांना मदीनेच्या मस्जिदीत हजरत रुफैदा (रजि.) यांच्या तंबूत ठेवले होते. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रीला आपल्या इतिहासात असा मान आहे. वॉर्डातली सिस्टर कोणत्याही धर्माची असो, तिच्याशी आपण त्याच अदबीने बोलू या. अल्लाह सर्व आजाऱ्यांना शिफा देवो. आमीन.