रात्री नवानंतरची बैठक

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या गावात बायकांची बैठक भरते ती रात्री नवानंतर. भाकरी झाल्या, भांडी झाली, लेकरं झोपली की एकेक जण येते. निम्मं काम त्याआधी दुपारीच उरकलेलं असतं. दारोदार जायचं, ओट्यावर टेकायचं, दिलेला चहा प्यायचा. जिच्या घरी आपण गेलो नाही ती सहसा येत नाही. आली तरी भिंतीला टेकून गप्प राहते.

जागेचा फार विचार करावा लागतो. ग्रामपंचायतीत खुर्च्या असतात, आणि खुर्च्या आल्या की सांगणारे वर आणि ऐकणारे खाली, अशी वाटणी होते. देवळाच्या पारावर पुरुष असतात, शिवाय काही वस्त्यांवरच्या बायका तिथं येतच नाहीत. म्हणून कुणाचं तरी अंगण बघायचं. सतरंजी टाकून गोल बसायचं, कार्यकर्तीनंही त्याच गोलात मांडी घालायची. वही पिशवीतच ठेवायची. वही दिसली की बायकांना सर्व्हे आठवतो, आणि सर्व्हेवाल्यांना काय सांगायचं ते त्यांचं ठरलेलं असतं.

ग्लोरिया स्टायनम या अमेरिकी स्त्रीवादी कार्यकर्तीचं ‘माय लाइफ ऑन द रोड’ हे 2015 साली आलेलं पुस्तक वाचताना ही पद्धत मला तिथं भेटली. या बाईंनी आयुष्यभर गावोगाव फिरून बायकांना एकत्र आणलं आणि त्याचा पहिला धडा त्यांना भारतात मिळाला. 1957 मध्ये, विशीत असताना, त्या फेलोशिपवर इथं आल्या. तमिळ मुलखातल्या रामनाड भागात तेव्हा जातीय दंगली पेटल्या होत्या आणि विनोबांच्या भूदान चळवळीतली माणसं लहान तुकड्या करून गावागावांत पायी फिरत होती. तुकडीत एक तरी बाई हवी होती. ती नसेल तर गावातल्या बायका बैठकीला येणार नाहीत, आणि पुरुष कार्यकर्त्यांना त्यांच्या घरात शिरता येणार नाही. स्टायनम निघाल्या. सोबत एक पेला, एक कंगवा आणि अंगावरची साडी. रात्री कंदिलाभोवती लोक बसत, काय घडलं ते सांगत; कुणीतरी आपलं ऐकायला एवढं चालत आलं, यानंच अफवांचा जोर ओसरत असे. कोकणातल्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांची पायवाट अमेरिकेतल्या स्त्रीचळवळीपर्यंत अशी पोचली, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच बाई 1969 मध्ये पत्रकार म्हणून न्यू यॉर्कमधल्या एका सभेला गेल्या. तिथं बायका उभ्या राहून आपापल्या गर्भपाताबद्दल बोलत होत्या. स्टायनम यांचा स्वतःचा गर्भपात 1957 मध्येच, भारतात येण्याआधी लंडनमध्ये झाला होता, आणि तो त्यांनी इतकी वर्षं मनातच ठेवला होता.

वर्षानुवर्षं मनात ठेवलेलं असं बाहेर येताना आमच्या गोलात रोज दिसतं. सुरुवातीला सगळ्यांचं सगळं ठीक असतं. मग एखादी सहज म्हणते, “माझी तर पिशवी काढली, ताई.” पिशवी म्हणजे गर्भाशय. शेजारची म्हणते, माझीपण. तिसरी वय सांगते, आणि तिशीसुद्धा उलटलेली नसते. इथं बोलायची घाई करायची नाही. सल्ला द्यायचा नाही, हळहळायचंही नाही. थांबलं की कारणं येतात. उसाच्या फडावर संडास नाही, पाणी नाही. पाळीतही डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीत चढवायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा धरून पैसे कापतात. अशात दुखण्याला डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं की मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ते उरकलं जातं. 2019 मध्ये सरकारी समितीनं बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी केली, तेव्हा 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. आकडा पुढं आला तो बायका आधी बोलत्या झाल्या म्हणून, असं माझं ठाम मत आहे.

पण बोलणं म्हणजे संघटना नव्हे. रडून मन हलकं झालं आणि सगळ्या घरी गेल्या, तर त्या बाईकडून आपण नुसतं घेतलं. म्हणून दुसऱ्या बैठकीला मी पैशांचा विषय काढते. उचल किती घेतली? बहुतेकींचं उत्तर एकच असतं, “त्यांना माहीत.” कोयता जोडप्याचा, तोड दोघांची, पण मुकादम पैसे मोजतो ते नवऱ्याच्या हातावर. यावर गोलात जो कालवा उठतो तो मला फार मोलाचा वाटतो. प्रत्येकीला वाटत असतं की आपलाच नवरा सांगत नाही. सगळ्यांचेच सांगत नाहीत हे कळलं की लाजेची जागा राग घेतो.

या रागाला लगेच काम द्यावं लागतं, तेही लहान आणि जवळचं. ग्रामसेवकाकडून ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र मिळतं. ते बाईच्या स्वतःच्या नावानं हवं, एवढंच आधी धरायचं. आधार कुणाचं आहे, कुणाचं माहेरच्या नावावर राहिलंय, फोटो कुणाकडं नाही, हे तिथंच बघायचं. तेव्हा कुठं वही बाहेर निघते, आणि शक्यतो ती त्यांच्यातल्याच शिकलेल्या सुनेच्या हातात द्यायची. ग्रामसेवक गावात कोणत्या वारी येतो, त्या दिवशी कुणाची मजुरी बुडेल, तिची लेकरं कोण सांभाळेल, हे ठरायला अकरा वाजून जातात. सगळ्यात आधी बोलणारीलाच पुढं पाठवायचा मोह होतो, तो मी टाळते. पहिल्या रात्री भिंतीला टेकून बसलेली बाई तयार झाली, तर कागद तिच्याकडं द्यायचे. तिच्यासोबत चौघी जातात.